शरद्-जत्रेंतील पाकपरीक्षा

जत्रा म्हटली म्हणजे आपल्या मनांत देवाची पालखी, गुलाल, कुस्त्यांचा फड, रेवड्या-बत्ताशांचीं दुकानें आणि उंच फिरणारे पाळणे हें सर्व एकदम उभें राहतें. कॅनडा देशाच्या ऑन्टॅरिओ प्रांतांत दर वर्षीं सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांत खेडोपाडीं ज्या जत्रा भरतात, त्यांतहि पाळणे असतात, गोडधोड असतें, मुलांचा गलबला असतो. परंतु तेथें देव नाहीं व पालखीहि नाहीं. ती जत्रा शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांची असते. अमक्याची गाय सर्वांत चांगली, तमक्याच्या शेतांतील भोपळा सर्वांत जड, असा निवाडा तेथें चारचौघांदेखत होतो. आणि त्याच मैदानावर, एका लांबट दिवाणखान्यांत, गृहिणींच्या पाकशाळेचीहि परीक्षा होते. घरीं भाजलेला पाव, घरीं केलेला केक, घरीं भरलेल्या मुरांब्याच्या व लोणच्याच्या बरण्या टेबलांवर मांडल्या जातात आणि जाणता परीक्षक त्यांस पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम लावितो. या परीक्षेची माहिती वाचकांस करून द्यावी असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. कारण वरवर पाहतां ही केवळ हौसेची चढाओढ वाटली, तरी तिच्या पोटांत जिवाशीं गांठ घालणारा एक प्रश्न दडलेला आहे.

ऑन्टॅरिओचा हिंवाळा आपल्या कल्पनेबाहेरचा आहे. प्रांताच्या पुष्कळ भागांत नोव्हेंबर-डिसेंबरांत जमीन गोठूं लागते ती वसंत ऋतु येईपर्यंत नांगरास दाद देत नाहीं. आगगाडीनें दूरदूरचीं ताजीं फळें येऊं लागण्यापूर्वीं आणि घरोघर शीतकपाटें होण्यापूर्वीं, या पांच महिन्यांत कुटुंबानें काय खावें हें गृहिणीनें उन्हाळ्यांत तळघरांत काय भरून ठेविलें आहे यावर ठरे. जूनमध्यें स्ट्रॉबेरी, ऑगस्टमध्यें पीच, काकडी व टोमॅटो, सप्टेंबरांत सफरचंद, अशा क्रमानें जें जें पिके तें तें ती बरण्यांत भरी. आपल्याकडे चैत्र-वैशाखांत पापड, कुरडया, सांडगे, लोणचीं व मुरांबे यांची जी धांदल पावसाळ्याच्या बेगमीसाठीं उडते, तिचीच ही बहीण. आपल्यास धाक पावसाचा, त्यांस बर्फाचा, एवढाच भेद.

या जत्रांची परंपरा जुनी आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांतांत विंडसर येथें १७६५ सालीं अशी जत्रा भरली होती. ऑन्टॅरिओंत नायगारा येथें १७९२ सालीं पहिलें कृषिमंडळ स्थापन झालें. उत्तम बियाणें, उत्तम जनावरें व नवीं अवजारें यांचा प्रसार व्हावा हा अशा मंडळांचा मूळ हेतु. पुढें लोणी, चीज, विणकाम, पाव व मुरांबे यांचेहि विभाग त्यांत आले. आज त्या प्रांतांत अशीं मंडळें दोनशेंच्या आसपास आहेत. रॉक्टन नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथील जत्रा १८५२ सालीं सुरू झाली, आणि गांवकऱ्यांनीं तिला ‘रॉक्टनचें जागतिक प्रदर्शन’ असें भारदस्त नांव देऊन टाकलें आहे! ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारीं कॅनडांत सुगीबद्दल उपकारस्तुतीचा सण असतो, त्याला लागून असलेल्या सुटींत ती भरते.

स्पर्धेची खरी सुरुवात बक्षिसांच्या यादीपासून होते. जत्रेच्या कित्येक आठवडे अगोदर मंडळ ही यादी प्रसिद्ध करितें. तींत प्रत्येक जिनसाचें नांव व नग दिलेले असतात: पांढरा पाव, एक, ओटचीं बिस्किटें, सहा, सफरचंदाची पाई, एक, स्ट्रॉबेरीचा जॅम, एक बरणी, शेपू घातलेलें काकडीचें लोणचें, एक बरणी. यादींतील शब्द हा कायदा समजावयाचा. सहा बिस्किटें मागितलीं असतां कोणी पांच किंवा सात मांडलीं, तर तीं अमृतासारखीं असलीं तरी परीक्षक ताट बाजूस सारतो. गणिताच्या पेपरांत प्रश्न नीट न वाचणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस हा न्याय ओळखीचा वाटेल.

जिन्नस नेऊन दिला म्हणजे त्यास एक चिठ्ठी बांधतात व तिच्यावरील नांव परीक्षा संपेपर्यंत झांकलेलें असतें. परीक्षक बहुधा परगांवचा असतो. गांवांतील कोणाची सून व कोणाची सासू हें त्यास ठाऊक नसलेलेंच बरें. परीक्षेच्या वेळीं बाहेरच्यांस आंत येऊं देत नाहींत. बक्षिसाची रक्कम अगदीं थोडी, केवळ कांहीं डॉलरांची. लोणी व साखर यांचा खर्चहि तींतून सुटावयाचा नाहीं. मान आहे तो फितीचा. कॅनडांत बहुतेक ठिकाणीं पहिल्या क्रमांकास तांबडी, दुसऱ्यास निळी व तिसऱ्यास पांढरी फीत लावतात. शेजारच्या संयुक्त संस्थानांत मात्र निळी फीत पहिल्याची. त्यामुळें सीमेपलीकडून आलेला पाहुणा एखाद्या दुसऱ्या क्रमांकाच्या बाईचें भलतेंच अभिनंदन करून बसण्याचा संभव असतो.

आतां भट्टींत भाजलेल्या जिनसांची परीक्षा कशी होते तें पाहूं. पाव प्रथम नुसता पाहतात: आकार सारखा आहे ना, वरचा पापुद्रा सोनेरी-तपकिरी आहे ना, तळ पांढुरका तर राहिला नाहीं. मग तो मधोमध कापतात. आंतील जाळी बारीक व एकसारखी हवी. कणीक नीट मळली नसेल तर सुक्या पिठाच्या रेघा दिसतात, खमीर प्रमाणाबाहेर फुगलें असेल तर मोठीं भोकें पडतात व आंबूस वास येतो. चव सर्वांत शेवटीं. मफिन नांवाचे जे छोटे वाटीसारखे केक असतात, त्यांची चूक याच्या नेमकी उलट असते. मैद्यांत पाणी पडून तो घोटला म्हणजे त्यांतील प्रथिनांचे चिवट धागे बनतात. पावास हे धागे हवेत, कारण खमिरानें उत्पन्न झालेला वायु तेच धरून ठेवितात. मफिनमध्यें ते झाले कीं वायु वाट काढीत वर जातो आणि आंत उभीं भुयारें पडतात. परीक्षक मफिन मधोमध चिरून हीं भुयारें शोधतो. जास्त कष्ट केल्याबद्दल गुण जातात असा हा बहुधा एकच विषय असावा!

पाईची परीक्षा तळाकडून होते. पाई म्हणजे मैद्याच्या पोळीच्या वाटींत फळांचें सारण भरून, वर दुसरी पोळी घालून भाजलेलें पक्वान्न. सारणाच्या रसानें खालची पोळी भिजून गिचका होणें हा तिचा नेहमींचा दोष. म्हणून परीक्षक तुकडा उचलून खालून पाहतो. पोळीसाठीं चरबी किंवा लोणी थंडगार असतांनाच मैद्यांत मिसळावें लागतें. त्याचे बारीक कण भट्टींत वितळले म्हणजे त्यांच्या जागीं वाफ कोंडते व पदर सुटतात. ज्यांच्या घरीं दिवाळींत चिरोटे होतात त्यांस हें मर्म अधिक सांगावयास नको. ऑन्टॅरिओच्या खास अभिमानाचा जिन्नस म्हणजे लोण्याचें टार्ट: पोळीच्या लहानशा वाटींत लोणी, साखर व अंडें यांचें पातळसर सारण. त्याची छापलेली कृति १९०० सालीं बॅरी गांवच्या रुग्णालयासाठीं स्त्रियांनीं काढलेल्या पाकपुस्तकांत आढळते. त्यांत मनुका घालाव्या कीं घालूं नयेत, यावर त्या प्रांतांत आजहि घरोघर वाद चालतो.

परंतु या दिवाणखान्याचा खरा विचार करण्यासारखा भाग बरण्यांचा आहे. फळ शिजवून कांचेच्या भांड्यांत हवाबंद ठेविलें असतां टिकतें, ही युक्ति निकोला अपेर नांवाच्या फ्रेंच हलवायानें शोधून काढली व १८१० सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. तें कां टिकतें हें त्यासहि ठाऊक नव्हतें; नासण्याचें कारण सूक्ष्म जंतु होत, हें पाश्चरनें पन्नासएक वर्षांनीं दाखविलें. १८५८ सालीं अमेरिकेंतील जॉन मेसन यानें आटे असलेल्या तोंडाच्या बरणीचें पेटंट घेतलें आणि हा उद्योग घरोघर पोंचला. हल्लींच्या बरणीस दुहेरी झांकण असतें: रबरासारखा कांठ असलेली एक पातळ चकती आणि ती जागेवर धरणारें आट्यांचें कडें. भरलेली बरणी उकळत्या पाण्यांत ठेविली म्हणजे आंतील हवा बाहेर निघते, व निवतांना चकती ‘टक्’ आवाज करून आंत ओढली जाते.

परीक्षक प्रथम हीच चकती बोटानें दाबतो. ती खालीं-वर हलली तर झांकण बसलें नाहीं, आणि ती बरणी तेथेंच बाद. कडें गंजलेलें नसावें. जॅमच्या वर सुमारें पाव इंच व लोणच्याच्या वर अर्धा इंच जागा मोकळी असावी. कमी असेल तर उकळतांना रस बाहेर येऊन कांठ चिकट होतो, जास्त असेल तर हवा राहून वरचा थर काळवंडतो. पूर्वीं जॅमवर मेणाचा थर ओतून बरणी बंद करीत. मेण आकसतें, कडेस फट पडते व बुरशी शिरते; म्हणून अशी बरणी आतां बहुतेक ठिकाणीं स्वीकारीत नाहींत. मग उजेडापुढें बरणी धरून रंग पाहतात. जेली तर कांचेसारखी पारदर्शक हवी. फळांचा रस फडक्यांतून आपोआप गळूं द्यावा लागतो. अधीर होऊन फडकें पिळलें कीं जेली गढूळ झालीच. जेली बशींत उपडी केली असतां थरथरावी, पण आकार सोडूं नये. फळांतील पेक्टिन, आंबटपणा व साखर या तिघांचा मेळ जमला म्हणजे हें साधतें. ज्यांनीं घरीं पेरूची जेली केली असेल त्यांस ठाऊक असेल कीं फार पिकलेल्या पेरूची जेली धरत नाहीं. कारण फळ पिकत जातें तसतसें त्यांतील पेक्टिनचें बळ कमी होतें.

येथवर सर्व गोष्टी डोळ्यांस दिसणाऱ्या झाल्या. आतां जी डोळ्यांस दिसत नाहीं ती सांगतों.

१८९५ सालीं बेल्जममधील एलझेल नांवाच्या खेड्यांत एका अंत्यविधीसाठीं जमलेल्या वाजंत्र्यांनीं खारवलेलें डुकराचें मांस खाल्लें. पुष्कळजण आजारी पडले आणि तिघे मरण पावले. व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञानें त्या मांसांतून एक जंतु वेगळा केला. त्यास आज क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम म्हणतात. हा जंतु मातींत सर्वत्र असतो व तेथें कोणास उपद्रव देत नाहीं. त्याचा स्वभाव विलक्षण: त्यास हवा नको. हवाबंद, ओलसर व आंबटपणा नसलेली जागा मिळाली कीं तो वाढतो व भयंकर विष उत्पन्न करितो. तें विष नसांचा व्यापार बंद पाडतें. प्रथम दृष्टि दुहेरी होते, जीभ जड होते, गिळवत नाहीं, आणि शेवटीं श्वास थांबतो. विद्यार्थ्यांनीं लक्ष द्यावें: हवाबंद बरणी ही इतर जंतूंपासून अन्न राखण्याची युक्ति, आणि नेमकी तीच या जंतूस मानवणारें घर. शिवाय त्याचे बीजाणु उकळत्या पाण्याच्या उष्णतेसहि दाद देत नाहींत. ते मारावयाचे तर दाबाच्या खास भांड्यांत सुमारें ११६ अंश सेल्सियस उष्णता ठराविक वेळ द्यावी लागते.

मग जॅम व लोणचें निर्धास्तपणें कसें खातां येतें? त्यांचें रक्षण आंबटपणा करितो. आंबटपणा मोजण्याची ‘पीएच’ नांवाची पट्टी आहे, तिच्यावर ४.६ किंवा त्याहून खालीं (म्हणजे अधिक आंबट) असलेल्या पदार्थांत या जंतूचे बीजाणु रुजत नाहींत. बहुतेक फळें व व्हिनेगरमधील लोणचीं या रेषेच्या सुरक्षित बाजूस आहेत. घेवड्याच्या शेंगा, मका, गाजर, बीट, मांस हीं दुसऱ्या बाजूस. टोमॅटो तर कुंपणावर बसलेला आहे. म्हणून टोमॅटोच्या एक लिटर बरणींत बाजारी बाटलींतील लिंबाचा रस दोन मोठे चमचे घालावा, अशी आज शिफारस आहे. घरच्या लिंबाचा रस कां चालत नाहीं? कारण प्रत्येक लिंबाचा आंबटपणा निराळा, बाटलींतील रसाचा ठराविक असतो.

आतां परीक्षकाची अडचण लक्षांत येईल. शेंगांच्या दोन बरण्या त्याच्यापुढें आहेत. दोहोंतील शेंगा हिरव्यागार, एका मापानें कापलेल्या, सैनिकांप्रमाणें उभ्या रचलेल्या. पाणी निवळ, झांकण घट्ट. एक बरणी दाबाच्या भांड्यांतून निघालेली, दुसरी साध्या उकळत्या पाण्यांतून. या विषास रंग नाहीं, चव नाहीं, आणि वासावरून तें ओळखतां येईल असा भरंवसा नाहीं. पाहून भेद कळत नाहीं, आणि चाखून पाहणें म्हणजे जिवाशीं खेळ. म्हणून कित्येक जत्रांत परीक्षक शेंगांची बरणी उघडीतच नाहीं.

न चाखतां दिलेलें बक्षीस म्हणजे बरण्यांची सौंदर्यस्पर्धा, असा यावर आक्षेप घेतात. त्यांत कांहींच तथ्य नाहीं असें म्हणवत नाहीं. सुंदर पण धोक्याच्या बरणीस तांबडी फीत लागली, तर पुढच्या वर्षीं शेजारपाजारच्या चौघी तीच कृति उतरून घेणार! परंतु यावर उपाय स्पर्धा बंद करणें हा नव्हे. बरणीबरोबर कृति, पद्धति व शिजविण्याचा वेळ लिहून द्यावा, आणि ती कृति तपासून सिद्ध झालेली असावी, असा नियम कांहीं मंडळांनीं केला आहे तोच मला योग्य वाटतो. मग परीक्षक आधीं कागद वाचतो, नंतर बरणी पाहतो. यांत दुःखाचा भाग एवढाच कीं आजीच्या वहींतील कृति पुष्कळदां बाद ठरते. ‘शेंगा तीन तास उकळाव्या’ असें जुन्या पुस्तकांतहि छापलेलें आहे, आणि ‘आमच्या घरीं साठ वर्षें असेंच करितात, कोणी मेलें नाहीं’ हें उत्तर तेथेंहि तयार असतें. दोन पिढ्यांचें दैव चांगलें होतें, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें.

घरांतील अन्नाचें ज्ञान हा शिकण्याचा विषय आहे ही जाणीव त्या प्रांतास एका आईच्या दुःखांतून झाली असें सांगतात. हॅमिल्टनच्या ॲडिलेड हूडलेस या बाईंचा तान्हा मुलगा १८८९ सालीं वारला. दूषित दूध हें त्याच्या मृत्यूचें कारण मानलें जातें. पुढें त्यांनीं गृहशास्त्र शाळांतून शिकवावें म्हणून आयुष्यभर खटपट केली. १९ फेब्रुवारी १८९७ रोजीं स्टोनी क्रीक येथें त्यांच्या प्रेरणेनें पहिली ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. त्या रात्रीं १०१ स्त्रिया जमल्या होत्या. ही चळवळ १९१५ सालीं वेल्समध्यें व तेथून ब्रिटनभर पसरली. दुसऱ्या महायुद्धांत कॅनडांतील याच मंडळांच्या स्त्रियांनीं जॅम करून ब्रिटनला पाठविला. जत्रेंतील पाकविभाग चालविण्यांत या मंडळांच्या सभासदांचा हात पुष्कळ ठिकाणीं राहिला आहे.

आपल्या वाचकांस गंमत वाटेल ती ही कीं या यादींत ‘चटणी’ असाहि एक वर्ग पुष्कळदां असतो. शब्द आपल्या देशांतून इंग्रजांनीं नेला, पण तिकडे पोंचेपर्यंत पदार्थ पार बदलला. सफरचंद किंवा पीच, कांदा, बेदाणे, आलें, साखर व व्हिनेगर हें सर्व एकत्र शिजवून बरणींत भरतात. आपल्या मेथांब्याचा तो दूरचा आप्त म्हणतां येईल. टोरोंटोच्या परिसरांत आज पुष्कळ मराठी कुटुंबें आहेत. त्यांच्यांतील एखाद्या बाईनें कैरीचें लोणचें अशा जत्रेंत मांडावयाचें ठरविलें, तर परीक्षक काय विचारील? कैरी आंबट, मीठ भरपूर, तेव्हां तेथें भीति थोडी. परंतु तेल हें स्वतः रक्षक नव्हे. तें फक्त हवा बंद करितें, आणि हवा बंद झाल्यानें काय होऊं शकतें तें वर सांगितलेंच आहे. १९८५ सालीं कॅनडांतीलच व्हँकूव्हर शहरीं एका उपाहारगृहांतील तेलांत ठेविलेल्या लसणीनें तीसहून अधिक लोकांस या विषाची बाधा झाली होती. लसणींत आंबटपणा नव्हता, हेंच कारण. आपल्या आजीबाई लसणीच्या लोणच्यांत लिंबाचा रस सढळ हातानें घालतात तो केवळ रुचीसाठीं नव्हे, हें मुलींनीं ध्यानांत धरावें. आणि नुसत्या तेलांत बुडविलेली लसूण फडताळांत आठवडेच्या आठवडे ठेवूं नये.

निकाल लागला म्हणजे दरवाजे उघडतात व गर्दी आंत शिरते. जिंकलेली फीत पाहून झाली कीं अनुभवी बायका परीक्षकाच्या शेऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचूं लागतात: ‘चव उत्तम, तळ कच्चा’, ‘बरणी फार भरली’, ‘रंग सुरेख, काप लहान-मोठे’. कांहीं ठिकाणीं उत्तम पाईंचा व केकांचा लिलाव होतो आणि पैसे एखाद्या सत्कार्यास जातात. शेवटच्या दिवशीं संध्याकाळीं ज्याच्या त्याच्या बरण्या परत मिळतात. न उघडलेली बरणी घरीं नेऊन तळघरांत इतरांच्या रांगेंत ठेवितात. परीक्षकानें उघडून चाखलेली बरणी मात्र तीन-चार दिवस उघड्या हवेंत, उबेंत राहिलेली असते. तिच्यावरची तांबडी फीत सोडून घेतात, आंतील जॅम फेकून देतात, आणि बरणी धुऊन पुढच्या जूनमधील स्ट्रॉबेरीसाठीं पालथी घालून ठेवितात.